सोमवार-गुरुवारचे तास

माणिकपूरच्या त्या हायस्कुलात जयवंती म्हात्रेबाई कोणाच्याच लाडक्या नव्हत्या, आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. आठवी ते दहावीला त्या मराठी शिकवायच्या. एखाद्याची वेलांटी चुकली की त्याला उठवून तोच शब्द सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायला लावायच्या. माहेर मिठागराच्या काठचं, सासर उमेळ्यातलं. दोन्हीकडे पाण्याला पानीच म्हणत. बी.एड.ला असताना मात्र बाईंनी हट्टानं जीभ वळवून घेतली होती. शाळेच्या फाटकातून आत आल्या की त्यांच्या तोंडून ण चा न कधी व्हायचा नाही.

झाला तो एकदाच. पंचाण्णव सालच्या ऑक्टोबरात, कवायतीच्या तासाला उमंग नावाचा आठवीतला मुलगा मैदानातच कोसळला. बाई धावत गेल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि भोवती जमलेल्या पोरांवर खेकसल्या, "बघता काय? पानी आना रे कुनी. पोर परलंय."

पाणी आलं, मुलगा शुद्धीवर आला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'पानीबाई'.

पोरांचं काय, चार दिवसांत विसरली असती. विद्याधर सबनीस सरांनी ती गोष्ट विसरू दिली नाही. शाळेतले दुसरे मराठीचे शिक्षक म्हणजे हेच. दादरला वाढलेले, आवाज भारदस्त, स्टेशनजवळ नवा फ्लॅट घेतलेला. वक्तृत्व स्पर्धा आणि नाटकं त्यांच्याकडे असायची. भर शिक्षकखोलीत ते म्हणाले, "बाई, मूर्धन्य वर्णांचा, म्हणजे ट-ठ-ड-ढ-णचा पाठ यंदा तुम्हीच घ्या. अधिकारानं सांगाल."

सगळे हसले. गणिताच्या फ्लॉसी डाबरेबाई नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "मनावर कशाला घेता? आम्हीपण घरी आमचीच बोली बोलतो."

"तुम्ही गणित शिकवता, फ्लॉसी," म्हात्रेबाई म्हणाल्या. "तुम्हाला कोण विचारतंय?"

डिसेंबरात स्नेहसंमेलन झालं. मैदानात मांडव घातला होता, पालकांनी खुर्च्या भरल्या होत्या. सबनीस सरांनी बसवलेल्या नाटुकल्यात दिशा नावाची मुलगी अंबाडा घालून, हातात पट्टी घेऊन रंगमंचावर आली आणि पोरांना ओरडून म्हणाली, "पानी आना रे, व्याकरन बेसुद परलंय." मांडव हसून फुटायची वेळ आली. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी नवरा, रमेश, चप्पल शोधल्यासारखा खाली वाकून बसला. बाईंनी मान वळवून मुलींच्या रांगेकडे पाहिलं. त्यांची स्वतःची मुलगी, आठवीतली संपदा, पोट धरून हसत होती.

सकाळी चहा गाळताना त्यांनी विचारलं, "तुला कशाचं हसू आलं गं?"

"सगळेच हसत होते, आई." कप उचलताना ती पुढं म्हणाली, "माझ्या मैत्रिणी घरी येतील ना, तेव्हा तू आणि आजी ते घरातलं बोलू नका."

बाईंनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली नाही. त्या दिवसापासून त्यांनी सबनीस सरांशी बोलणं टाकलं. एकाच टेबलावर उत्तरपत्रिका तपासायच्या, पण स्टेपलर हवा असला तरी शिपायाकडून मागवायच्या. सरांनी एक-दोनदा थट्टा करून पाहिली, मग तेही चिडले. शाळेत दोन तट पडले, आणि नवीन शिक्षक आला की त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं, या दोघांच्या मध्ये बसू नकोस.

अशी वर्षं गेली. उमेळ्यातल्या केळीच्या वाड्या जाऊन तिथं इमारती उठल्या, संपदा बारावी होऊन मुंबईला शिकायला गेली. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा सेवाज्येष्ठतेनं ती म्हात्रेबाईंकडे आली. म्हणजे वेळापत्रक त्यांच्या हातात आलं.

सबनीस सरांना रोजचा शेवटचा तास नववी 'ई'चा मिळाला. तो वर्ग कोणालाच नको असायचा. कोणी रजेवर गेलं की बदली तासाला पहिलं नाव सबनीसांचं. नियमाबाहेर काहीच नव्हतं, त्यामुळे बोट दाखवायला जागा नव्हती. सर पन्नाशी उलटलेले, घसा बसलेला. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणि पुन्हा वर अशा त्यांच्या खेपा बाई व्हरांड्यातून पाहत असायच्या. पाहून बरं वाटायचं. ते त्या स्वतःपासून लपवत नसत.

मग सरांच्या बायकोच्या, आशालताबाईंच्या, किडन्या निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी त्यांना डायलिसिसला बोरिवलीला न्यावं लागायचं. मुलगा परदेशात. इतक्या वर्षांनी सर पहिल्यांदा शिक्षकखोलीतल्या बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"त्या दोन दिवशी शेवटचे दोन तास मोकळे मिळाले तर..."

"वेळापत्रक ठरलंय."

"ते तास मी घेते," फ्लॉसीबाई पलीकडून म्हणाल्या.

"दहावीचं गणित सोडून नववी 'ई'ला मराठी शिकवणार? बसा तुम्ही." बाईंनी सरांकडे पाहिलं. "तास मिळतील. उद्या प्रार्थनेनंतर मुलांसमोर सांगा, संमेलनातलं ते नाटुकलं कोणी लिहिलं आणि कोणावर लिहिलं."

सरांचा चेहरा काळवंडला. "त्या वेळची मुलं आता बाप्ये झालीत, बाई. या मुलांना त्यातलं काय कळणार?"

"मला कळेल."

"माझी बायको मरायला टेकलीय."

"ऐकलंय मी. उद्या प्रार्थनेनंतर."

सर निघून गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, ते आपल्या जागी ताठ उभे राहिले. त्या महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली.

गोष्ट घरापर्यंत गेली. रमेश म्हणाला, "दोन तासांनी तुजा काय गेला असता?" सुट्टीला आलेली संपदा दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, हे माझ्यामुळे केलंस का? मी तेव्हा हसले होते म्हणून?"

"तुझा काय संबंध?" बाई म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच संपदा परत गेली.

निरोप समारंभाच्या दिवशी मुख्याध्यापक आजारी होते, म्हणून शाल आणि श्रीफळ म्हात्रेबाईंनीच द्यायचं होतं. त्यांनी दिलं. शाल खांद्यावर घेताना सर हळूच म्हणाले, "गंमत होती हो ती. तुमचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. म्हणूनच नाही विसरले."

सर सत्काराच्या खुर्चीवर जाऊन बसले. भाषणं झाली. फ्लॉसीबाई रडल्या. सामोसे वाटले गेले, आणि बाईंच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

सर गेले की छातीवरचं ओझं उतरेल, असं बाईंना वाटलं होतं. तसं झालं नाही. पश्चात्तापही झाला नाही. दिवाळीनंतर आशालताबाई गेल्याचं कळलं. सगळा शिक्षकवर्ग रिक्षा करून भेटायला गेला, बाईंना कोणी विचारलं नाही. रिकाम्या शाळेत त्या एकट्याच मागे राहिल्या आणि पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात नववी 'ई'चा शेवटचा तास स्वतःच्या नावावर लावून घेतला.