संयोगिताच्या जीपचा घूं

रहिमतपूर ते सातारा या रस्त्यावर वडापच्या, म्हणजे वाटेत माणसं भरत नेणाऱ्या, जीपा बऱ्याच धावतात. त्यातली एकच जीप बाई चालवते, तिचं नाव संयोगिता. मी रोज सकाळी तिच्याच जीपने साताऱ्याला जाते आणि तिथल्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेणं हीच माझी नोकरी असल्यामुळे खिडकीबाहेर मी कोणाचं फारसं ऐकून घेत नाही. संयोगिता मला आवडते ती यासाठी, की ती वाद घालत नाही. तिला एखादी गोष्ट पटली की ती करून मोकळी होते, आणि मग आपण बसायचं बोलत.

गाडी तिला शिकवली तिच्या सासऱ्यांनी. लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होते, लडाखच्या रस्त्यांवर ट्रक चालवलेले. गावी आल्यावर त्यांनी उसाचं रान सांभाळलं आणि ही जीप घेतली. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. मुलगा साईराज फौजेत, तो वर्षातून एकदा येणार. आता ड्रायव्हर कोण ठेवताय, असं भावकीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरातच हाय की." आणि खरोखर सुनेला मोकळ्या रानात नेऊन त्यांनी क्लच दाबायला शिकवला. बांधावर उभे राहून लोक हसले. तेच लोक आता तिच्या जीपमध्ये पुढची सीट मिळावी म्हणून धावतात.

एवढं मोठं मन, पण एक खोड होती. लालासाहेब जीपला कायम "माझी गाडी" म्हणायचे. गाडी पळवायची सुनेने, डिझेल भरायचं सुनेने, पंक्चर काढून आणायचं सुनेने, तरी गाडी त्यांची. खंडेनवमीच्या पूजेआधी जीप धुवायची ती कृष्णेच्या पाण्यातच, आणि त्यांनीच. गुडघे दुखोत नाहीतर काही होवो, त्या दिवशी चावी त्यांच्या हातात. यंदा आम्हाला साताऱ्याहून परतायला उशीर झाला होता. पूजा खोळंबलेली, लालासाहेब दारात उभे. आम्ही उतरतोय न उतरतोय तोच ते स्टिअरिंगवर बसले आणि जीप थेट नदीवर घेऊन गेले.

दिवाळी झाली आणि जीप घुमायला लागली. काटा चाळिसाच्या पुढे गेला की खालून घूं असा आवाज यायचा आणि वेगाबरोबर वाढत जायचा. आधी आम्ही दुर्लक्ष केलं. मग एकमेकांशी बोलताना आवाज चढवावा लागायला लागला. माझ्यासमोर बसणाऱ्या हरणाबाईंचा आवाज मुळातच चढा. त्या मेथी-कोथिंबिरीच्या गाठोड्यासकट साताऱ्याच्या मंडईला येतात. आता त्या अशा ओरडायला लागल्या की त्यांच्या घरातली भांडणं मागच्या गाडीलाही पाठ झाली असतील. स्टँडवरचे इतर ड्रायव्हर आम्हाला बघून भुंग्यासारखं गुणगुणायचे. दोन-तीन नेहमीचे प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसले.

संयोगिताने साताऱ्यातल्या एका मेस्त्रीला गाडी दाखवली. त्याने वाकून खाली पाहिलं आणि सांगितलं, डिफरन्शियल गेलं. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्ये असतो तो लोखंडी भोपळ्यासारखा डबा, इंजिनचा जोर चाकांना वाटून देणारा. तो मोडला तर गाडी जागच्या जागी बसते. हे ऐकल्यावर लालासाहेबांना दुसरं मत लागलंच नाही. फौजेत त्यांचा ट्रक असाच घुमत घुमत एका खिंडीत बसला होता आणि सगळी तुकडी बर्फात अडकली होती.

"वाटंत माणसं टाकणारी गाडी माझ्या दारात नको," ते म्हणाले. त्यांनी कराडच्या वीरधवलला फोन केला. तो जुन्या जीपा विकत घेतो. रविवारी येतो म्हणाला.

मला हे कळलं तेव्हा मी संयोगिताला शहाणपणाचा सल्ला दिला, की विकलेली बरी. एसटीच्या वेळाही मी पाहून ठेवल्या होत्या.

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, ही गाडी गेली की दुसरी न्हाई यायची. मी परत घरात. मला घर लय आवडतं, पर सांच्याला गाडीवरनं परत आल्यावर." मग गिअर टाकून म्हणाली, "आणि डिफरन्शियल गेल्यालं न्हाई."

"कशावरून?"

"अजून ठावं न्हाई. पर रविवारच्या आत सांगते."

असं स्वतःच निदान करायला निघालेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे मी खिडकीवर रोज बघते. पण त्या आठवड्यात जीपमध्ये जे चाललं, ते मी दवाखान्यातही पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी तिने उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडली. इंजिन शांत झालं, घूं तसाच राहिला. "इंजिन न्हाई, गिअरबॉक्स न्हाई," ती म्हणाली. पुढे नव्या डांबराचा गुळगुळीत तुकडा लागला, त्यानंतर खडीचा. दोन्हीकडे आवाज एकच. "टायर असता तर रस्त्यापरमानं आवाज बदलला असता." दुसऱ्या दिवशी ती ॲक्सिलेटर दाबत आणि सोडत चालली. आमच्या माना कोंबड्यांसारख्या पुढे-मागे हलत होत्या. जोर दिला तरी तोच घूं, जोर काढला तरी तोच. डिफरन्शियलवर ताण येतो-जातो तसा त्याचा आवाज पालटतो, असं तिला लालासाहेबांनीच कधीतरी शिकवलेलं. ते स्वतः मात्र या वेळी गाडीत बसून बघायला तयार नव्हते.

अंगापूरच्या अलीकडे वळणं आहेत. तिथे तिला पाहिजे ते सापडलं. गाडी उजवीकडे वळली की घूं मोठा व्हायचा, डावीकडे वळली की जवळजवळ बंद पडायचा.

"ऐकलं का?" ती आनंदाने म्हणाली. "उजवीकडं वळलं की सगळा भार डाव्या चाकांवर येतोय. डावीकडचंच चाक कण्हतंया."

"पुढचं का मागचं?" मी विचारलं. विचारलं ते खोट काढायला, पण तिला प्रश्न आवडला. तिने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून बघितलं. आमच्या जीपमध्ये मागे दोन लांब बाकडी समोरासमोर असतात.

"आधी बाजू पक्की करू. समद्यांनी डाव्या बाकड्यावर बसा."

"आगं माझी मेथी!" हरणाबाई ओरडल्या.

"मेथी पण डावीकडं."

आम्ही सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे डावीकडे कोंबले गेलो. घूं वाढला. मग सगळे उजवीकडे. घूं कमी झाला. रस्त्याने जाणारे लोक काचेतून आत बघत होते, की ही कसली खेळणारी माणसं. शेवटी तिने हरणाबाईंना पुढे आपल्या डाव्या बाजूला बसवलं आणि चपला काढून पाय खाली पत्र्यावर टेकायला सांगितलं. गाडी वळणावर आली आणि हरणाबाईंनी दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले.

"आगं बया! तळपायात मुंग्या आल्या की!"

"पुढचं डावं चाक," संयोगिता म्हणाली. "बेअरिंग." आणि त्याच संध्याकाळी साताऱ्यातून तिने बेअरिंगचा जोड आणि ग्रीसचा डबा घेतला. चाक अजून उघडायचं होतं, तरी तिने नवा माल पिशवीत टाकला. मला तिची काळजी वाटली आणि हेवाही वाटला.

रविवारी मी मुद्दाम तिच्या घरी गेले. हरणाबाई आधीच येऊन बसल्या होत्या, आपल्या तळपायांनी निदान केल्यासारख्या. वीरधवल कराडहून आला होता. तो जीपभोवती हात मागे बांधून फिरत होता आणि प्रत्येक ओरखड्यापाशी उसासा टाकत होता. लालासाहेब खुर्चीत ताठ बसले होते.

"मामा," संयोगिता सासऱ्यांना म्हणाली, "सौदा करायच्या आधी एक चाक खोलते. मग तुमी म्हनाल तसं."

"डिफरन्शियल हाय म्हनून सांगितलं न्हवं? चाक कशापायी खोलतीस?"

ती गाडीखाली वाकली. जॅक लावून पुढचं उजवं चाक उचललं, एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. गुळगुळीत. मग डावं उचललं. मलाही तिने हात ठेवायला लावला. चाक फिरलं तसं माझ्या तळहाताला खरखर लागली, जात्यात खडा आल्यासारखी. वीरधवल हात ठेवायला पुढे आला नाही. सौदा पातळ होतोय हे त्याला सगळ्यांत आधी कळलं असावं.

तिने नट काढले, चाक काढलं, हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, टोपी काढली, बेअरिंग बाहेर ओढलं. ग्रीस तपकिरी असायला हवं ना? त्या हबमध्ये होतं ते पांढुरकं आणि पाणचट, ताक घुसळल्यासारखं. बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते.

"पाणी शिरलंय," वीरधवल म्हणाला.

लालासाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी ते ग्रीस बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि बराच वेळ बोटाकडेच बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, नाहीतर सुनेला शाबासकी देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. फडक्याला बोट पुसलं आणि म्हणाले, "नवं बशीव. उद्या सकाळी मी येतो साताऱ्यापतुर. मग बघू."

"मग मी काय समजू?" वीरधवलने विचारलं.

"उद्या फोन करतो तुला."

म्हणजे टांगती तलवार तशीच. मला इतका राग आला की मी चहासुद्धा घेतला नाही. एका पोरीने आठवडाभर जीव लावून गाडीचं दुखणं शोधलं, आणि हा म्हातारा एक चांगला शब्द बोलत नाही! संयोगिता मात्र गुणगुणत बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होती.

सोमवारी सकाळी लालासाहेब फेटा बांधून पुढच्या सीटवर येऊन बसले. आम्ही मागे. गाडी गाव सोडून निघाली, काटा चाळिसावर गेला, पन्नासावर गेला, आणि काही म्हणता काही ऐकू येईना. इंजिनचा नेहमीचा आवाज तेवढा. अंगापूरची वळणं आली. उजवीकडे वळलो, डावीकडे वळलो. काही नाही.

पण हरणाबाईंच्या घशाला सवय लागली होती. त्या शांततेत त्या माझ्याकडे वाकून, आपल्या मते कानात, ओरडल्या, "म्हातारा गाडी इकायला निघाला हुता! आन् चाकात पानी गेलं कसं, ते कोन सांगतंय का?"

 पुढच्या सीटवरचा फेटा हलला नाही. मला हरणाबाईंच्या तोंडावर मेथीची जुडी दाबावीशी वाटली.

"पावसात गेलं असंल, मावशी," संयोगिता घाईने म्हणाली. "खड्ड्यातनं पानी उडतंच की."

तिला सगळं ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी समजलं. हबची टोपी काढली तेव्हाच, किंवा त्याच्याही आधी. ती बोलणार नव्हती, कधीच.

लालासाहेब सीटवरच वळून बसले. गुडघ्यामुळे त्यांना ते सोपं गेलं नाही.

"पावसात न्हाई, हरणाबाई. नवमीला मी गाडी नदीत घातली. साताऱ्यासनं आलेली, चाकं तापलेली, आन् मी तशीच घातली. उजवी बाजू वाळूवर हुती, डावी खोल पान्यात. तापलेला हब गार पान्यात गेला की पानी आत ओढून घेतोय. फौजेत आमाला हे सगळ्यांत आधी शिकवत्यात. मी धा जनांना शिकवलं आसंल." त्यांनी फेटा सारखा केला. "पूजेच्या घाईत इसरलो. आन् वर डिफरन्शियलवर ढकलून गाडी इकायला काढली."

 फौजेतून आलेल्या त्या माणसाने भरल्या जीपमध्ये, रोजच्या प्रवाशांसमोर हे सांगितलं. माझा कालचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही, आणि डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

"आवं मामा, जाऊ द्या," संयोगिता रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "पुढच्या नवमीला तुमी दारातच बादलीनं धुवा."

"मी कशाला?" लालासाहेब पुढे वळून बसत म्हणाले. "तूच धू. गाडी तुझी हाय."

संयोगिताने खांद्याने गाल पुसला. पुढच्या फाट्यावर दोन माणसं हात करत उभी होती, ती घूंला कंटाळून दुसऱ्या जीपमध्ये गेलेलीच. तिने गाडी त्यांच्यापाशी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि घोगऱ्या आवाजात ओरडली, "सातारा, सातारा! चला, माझ्या गाडीत जागा हाय."