जुन्या जिल्ह्याच्या बाया

आमच्या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या बायकांचा अ‍ॅनिमिया मी एका दुपारी, जेवण झाल्यावर, घरबसल्या बरा केला.

मी तीस वर्षं नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. (शिकलं कुणी, ते विचारू नका.) त्यामुळे तिसगावजवळच्या आमच्या गावाहून वहिनीचा फोन आला तेव्हा मला जरा चढलंच. वहिनी गावात आशाताई आहे. खुरपणीला गेलेल्या बाया चक्कर येऊन वाफ्यातच बसतात, म्हणून तिला रक्ततपासणीचं शिबिर हवं होतं. सरपंचांना त्याच पैशात जिल्ह्याचं नवं नाव लिहिलेली कमान हवी होती. शिबिर पाहिजे तर ग्रामसभेत जिल्ह्याचे आकडे दाखव, असं त्यांनी तिला सुनावलं होतं. तिने मला तेवढे आकडे काढून पाठवायला सांगितले. मी म्हणालो, पाठवतो कशाला, घेऊन स्वतःच येतो! असल्या कामाला तज्ज्ञ माणूस लागतो.

सरकारी आरोग्य पाहणीची साइट उघडली. जिल्ह्याच्या जागी ऐटीत 'अहिल्यानगर' टाइप केलं. (दुकानांच्या पाट्यासुद्धा बदलल्या, मग आकडे मागे राहतील कशाला?) तक्ता आला. 'रक्ताची कमतरता असलेल्या महिला' या रकान्यात नुसती आडवी रेघ. आता आडवी रेघ म्हणजे 'माहिती नाही', हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून द्यायचो. पण त्या दिवशी मला ते शून्य वाटलं! प्रिंट काढली, वर लॅमिनेशनही केलं.

ग्रामसभेत मी माईक धरून ते शून्य खणखणीत आवाजात वाचलं. सरपंच उठून टाळ्या वाजवायला लागले. शिबिराचा विषय संपला, कमान मंजूर झाली आणि मला शाल मिळाली. मी मूर्ख ती पांघरूनही बसलो!

वहिनीने माझा मोबाइल मागून घेतला आणि जुनं नाव टाकलं. रकाने वरपासून खालपर्यंत भरून आले, आणि त्यातला एकही आकडा शाल घेण्याजोगा नव्हता.

सरपंचांनी मोबाइल लांब धरून पाहिला. "ह्या जुन्या जिल्ह्याच्या बाया हायेत," ते शांतपणे म्हणाले. "नव्यातल्या समद्या ठणठणीत हायेत. सरांनी आत्ताच वाचलं न्हाई का?"

सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली. (शाल अंगावर होती हो!)

वहिनी वाद घालत बसली नाही. पुढच्याच रांगेत सरपंचांची बायको बसली होती. वहिनी तिच्यापाशी गेली आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून धरली. आत लाली हवी, तिथे खडूसारखं पांढरं होतं.

"सरपंच, ह्या कंच्या जिल्ह्याच्या?"

सरपंच मोबाइलची काच पुसायला लागले. बायको मात्र बोलली, "मी दोनदा पडले. ह्यास्नी सांगितलं तर म्हनले, च्या घे." मग मागच्या बाया एकेक करून उठल्या आणि आपापल्या पापण्या ओढून पुढे आल्या. त्या रांगेसमोर माझा लॅमिनेशन केलेला कागद कुठे लपवावा तेच मला कळेना. शिबिर मंजूर झालं, कमान राहून गेली.

शिबिराच्या दिवशी मी मोठ्या जबाबदारीने पेन उघडून नोंदवहीपाशी बसलो. जिल्ह्याच्या रकान्यात जुनं नाव लिहू की नवं, असं वहिनीला विचारलं. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"भावजी, तुमी निस्ता कापूस धरा."

मी दिवसभर कापूस धरला. संख्याशास्त्रातल्या तीस वर्षांत माझ्या हातून झालेलं बिनचूक काम तेवढंच!