गुंतवळाचा डबा

लग्नाच्या मांडवात एका मुलीनं माझ्या मनगटाला हिना अत्तर लावलं. जेवणं होईपर्यंत वास उडाला.

"अंगाची ऊब असते ना काका, कातडीवर अत्तर ठरत नाही. केसांत टिकतं," ती म्हणाली.

मला ते ठाऊक आहे. माझी बायको विंचरताना निघालेलं गुंतवळ एका डब्यात साठवायची, केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बाईसाठी. बायको गेल्यावर तिच्या माक्याच्या तेलाचा वास घरात तेवढ्या डब्यातच उरला. रोज सकाळी झाकण उघडून मी तो हुंगत आलो. दर वेळी थोडा वास बाहेर जात असणार, हे कधी मनातच आलं नाही.

घरी येऊन डबा उघडला. केस आहेत. वास पत्र्याचा येतोय. तिचं उरलंसुरलं मीच हुंगून संपवलं.