जिलानीच्या हातून सुटलेलं पातेलं

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जिलानी पिंजाऱ्याला लहानथोर सगळे 'मामू' म्हणत. बाप-आजा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि घरातली पिंजण मुकी झाली. पण जिलानीच्या बोटांत पिढ्यांचा कापूस मुरला होता. कुठल्या वस्तूला कुठं लागतं, तिच्या अंगाखाली काय सारलं म्हणजे ती गप बसते, हे त्याला न सांगता कळे. म्हणून तो लोकांची घरं बांधून द्यायला लागला. बांधून म्हणजे विटांनी नव्हे; दोरीनं, चिंध्यांनी, पोत्यांनी. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या माणसाचा संसार तो असा बांधायचा, की तिकडे सोडताना कपाचा कानसुद्धा शाबूत असायचा.

त्र्याण्णव साली भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो एका ट्रकबरोबर औशाच्या बाजूच्या एका गावात गेला. गाव कसलं, दगडांचा ढीग. दगडांतून जे निघेल ते बांधायचं आणि पत्र्याच्या निवाऱ्यांकडे पोचवायचं, एवढंच काम. एका ढिगाऱ्यात त्याला लाल गोधडीचं टोक दिसलं. चांगली धड गोधडी होती. त्यानं ती ओढली. त्याबरोबर ढिगाऱ्याआड बसलेली एक बाई त्याच्यावर झेपावली आणि तिनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला, की दात हाडाला लागले. तिघांनी ओढून काढावं लागलं तिला. गोधडीखाली तिचा मुलगा होता. गोधडी तिनंच घातली होती त्याच्यावर, दगड उपसून, आपल्या हातांनी.

जिलानीनं मनगटाला फडकं गुंडाळलं. त्या दिवसापासून त्यानं एक रीत धरली. घरातल्या बाईनं पहिली वस्तू स्वतःच्या हातानं दिल्याशिवाय तो त्या घरातल्या कशालाही हात लावीत नसे. कुणी हसून केरसुणी देई, कुणी चमचा. काहीही चाले. तिनं दिलं पाहिजे, एवढंच.

पुढं लातूरला वेगळाच पूर आला. दहावीचा निकाल लागला, की लोहा, देगलूर, नांदेड, कुठून कुठून आई-बाप पोरांना घेऊन उतरायचे. "पोराला लातूरला टाकलंय," असं अभिमानानं सांगायचे. म्हशीच्या गोठ्यांना फरशी बसली, जिन्याखालच्या कोनाड्यांना 'सिंगल रूम' म्हणू लागले. जून महिन्यात जिलानीला जेवायला फुरसत नसे.

दोन हजार तीनच्या अशाच जूनमध्ये लखननं त्याला निरोप धाडला. लखन हा शेषेरावांचा मुलगा. औसा रोडला त्यांचं घर आणि मागं मोठी मोकळी जागा. निरोप असा होता : "मामू, उद्या सकाळी नऊला या. सामान खाली करायचं हाय."

आता लातुरात 'गाडी खाली करणं' म्हणजे गाडीतलं सामान उतरवणं. जूनमध्ये तर दारोदारी तेच चाललेलं. जिलानीनं ओळखलं, नवे भाडेकरू येत असतील, त्यांचा टेम्पो उतरवायचा असणार. दोऱ्या खांद्यावर टाकून तो नऊच्या आधीच पोचला.

टेम्पो आला नव्हता. मागं पत्र्याच्या शेडमध्ये कावेरीबाई स्वयंपाक करत होत्या. भूकंपात त्यांचा नवरा आणि दोन मुलं माळवदाखाली गेली, तेव्हापासून त्या पक्क्या, जड छताखाली निजल्या नव्हत्या. लग्नाला गेल्या तरी मांडवात बसत, हॉलमध्ये पाऊल टाकत नसत. शेषेरावांनी नऊ वर्षांपूर्वी त्यांना हे शेड दिलं आणि शब्द दिला, "बाई, तुम्ही आहात तोवर हे तुमचं." तिथंच त्या शिकायला आलेल्या पोरांचे डबे करत. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापे. कुणी विचारलं तर म्हणत, "भाजू दे की. दाबत तर न्हाई."

"या जिलानीभाऊ. कुणाचं सामान येऊन राहिलं म्हणायचं?"

"काय म्हाईत ताई. लखननं बोलावलं. असंल कुणी देगलूरचं."

मल्लम्मा भाकरी थापत होती. उदगीरकडची बाई, कावेरीबाईंची मदतनीस. ती म्हणाली, "अण्णा, आणखी पोरं आली तर माझे हात गळून पडतील. ते पण बांधून द्या मग पोत्यात."

"बांधतो की. पण तुझं तोंड कशात बांधू? एवढं मोठं पोतं बाजारात मिळत न्हाई."

हसणं चाललं होतं, चहा चालला होता, तेवढ्यात लखन आला. बरोबर दोन दांडगे गडी. एकाच्या हातात पहार.

"मामू, चहाच पिऊन राहिलास अजून? खाली कर म्हणलो होतो ना?"

"गाडी तर येऊ दे बाबा. गाडीच न्हाई तर खाली काय करू, माझं डोकं?"

"गाडी कशाची? हे शेड खाली कर. हिचं सामान काढ. दुपारी जेसीबी येऊन राहिला."

मल्लम्माची थापती भाकरी परातीतच राहिली. नुसती चुलीवरची आमटी रटरटत होती. शेषेराव डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला मुलीकडे गेले होते, आणि लखननं नेमका तोच आठवडा साधला होता. इथं त्याला तीन मजली होस्टेल उठवायचं होतं. कावेरीबाईंना त्यानं वरच्या मजल्यावर एक खोली देऊ केली होती, स्लॅबची.

कावेरीबाईंनी लखनकडं पाहिलंच नाही. त्या जिलानीकडं पाहत होत्या.

"भाऊ, चहा पिताना सांगायचं तरी."

हे वाक्य जिलानीला त्या दिवशीच्या सगळ्या मारापेक्षा जास्त लागलं. कप खाली ठेवून तो उठला. "ताई, खुदाकसम, मी गाडी समजलो." मग लखनकडं वळून म्हणाला, "बाईनं हातानं दिल्याबिगर मी चमचा बी उचलत न्हाई. तुझ्या आत्याचं घर बांधलं तेव्हा तू होतास की."

"तू नको उचलू. हे उचलतील."

पहारवाल्यानं मांडणीवर पहिला घाव घातला. ताटं, वाट्या, डबे पत्र्यावर आपटत खाली आले. लोणच्याची बरणी फुटली आणि तांबडं तेल जमिनीवर पसरलं. दुसऱ्यानं पिठाच्या डब्याला लाथ घातली. एक झाकण उडून मल्लम्माच्या कपाळाला लागलं. भुवईवरून रक्ताची धार आली. "अय्यो!" म्हणून ती खाली बसली. प्रत्येक घावागणिक पत्र्याचं शेड दणाणत होतं. कावेरीबाई कोपऱ्यात उकिडव्या बसल्या, दोन्ही कानांवर हात, डोळे मिटलेले. त्या ओरडत नव्हत्या. ओठ हलत होते. नावं घेत असाव्यात.

जिलानी पहारवाल्याच्या आडवा गेला. त्याच्या पोटात कोपर बसलं आणि तो दारात कोलमडला. लखननं त्याचा उजवा हात धरला, चौकटीच्या लोखंडी पट्टीवर दाबला.

"हात लावत न्हाईस न्हवं? मग हाताचं काय काम?"

आणि दार लावलं.

बाभळीची काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"उचलतोस?"

त्यानं मान हलवली. नाही.

दार परत लागलं. "उचलतोस?"

"न्हाई."

तिसऱ्यांदा दार उघडलं, तेव्हा कावेरीबाई उठलेल्या होत्या. त्यांनी पदर दोन्ही हातांत घेतला, चुलीवरचं आमटीचं पातेलं काठांना धरून उचललं, चार पावलं चालल्या आणि लखनच्या कमरेपासून खाली ओतलं. चालणं असं, जणू पंगतीत वाढायला निघाल्या आहेत.

लखनची किंकाळी औसा रोडपर्यंत गेली. गड्यांनी पहार टाकली, त्याला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवलं आणि दवाखान्याकडे पळाले.

कावेरीबाईंचे तळवे भाजले होते. त्यांनी ते पाण्याच्या बादलीत बुडवले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणखी माणसं घेऊन येईल तो."

"घंटाभरात," जिलानी म्हणाला. "कुठं जाल?"

"चाकूरला. नणंद हाय, सिंधू. तिचं घर पत्र्याचं हाय."

मग त्यांनी पोळपाट उचलला आणि ओल्या हातांनी जिलानीपुढं धरला. "बांधा, भाऊ."

जिलानीनं तो डाव्या हातानं घेतला. उजवा हात वांग्यासारखा सुजला होता. "हात एकच ऱ्हायला ताई. पण तोंड शाबूत हाय. मी सांगतो, तुमी दोघी बांधा."

आणि भिंतीला टेकून, घाम पुसत, मधूनच विव्हळत, तो सांगू लागला.

"मल्लम्मा, आधी कपाळाला फडकं बांध. हां. आता पोतं भर, पण भांडी पोत्यात न्हाई, आधी मोठ्या पातेल्यात. मोठ्यात मधलं, मधल्यात लहान, अन् दर दोन भांड्यांत एक कापड. साडी घाल, चादर घाल. कपड्याला वेगळं पोतं कशाला? कपडे म्हणजेच कापूस."

"काचेच्या बशा?"

"आडव्या न्हाई, आडव्या न्हाई! उभ्या. वह्या उभ्या करतात तशा. आडव्या ठेवल्या की खालची वरचीचं वजन खाते, अन् गचका बसला की मरते. कागद घडी घालू नको, चुरगाळ. घडीचा कागद मेलेला असतो, चुरगळलेला उसळतो."

"तांदळाचं पोतं?"

"अर्धं. वर तोंडाशी वीतभर ढिलं सोड, धरायला. जड ते लहानात, हलकं ते मोठ्यात. लोक उलटं करतात, अन् मग पाठी मोडतात." इथं तो थांबला, डोळे मिटले. चेहरा राखेसारखा झाला होता. "विळी, सुऱ्या टॉवेलात गुंडाळ अन् वरून लाल चिंधी बांध, म्हणजे सोडणाऱ्याचा हात कापायचा न्हाई. तेलाच्या डब्याला झाकणाखाली पिशवीचा तुकडा घाल. खडूनं लिहायचं ते बाजूला लिही, वर न्हाई. थप्पी लागली की वरचं कुणाला दिसत न्हाई."

कावेरीबाई भाजलेल्या हातांनी गाठी मारत होत्या. गाठ मारली की हुंदका दाबल्यासारखा श्वास घेत.

"अन् एक गठुडं वेगळं," जिलानी म्हणाला. "काडेपेटी, तवा, तांब्या, चादर, तुमची औषधं. ते टेम्पोत शेवटी चढवा. शेवटी चढतं ते पहिलं उतरतं. नव्या घरात पहिल्या सांजेला शोधाशोध करायची पाळी आली, की माणूस खचतो."

"देव?"

"देव तुमच्या मांडीवर. ते मी कुणाचेच बांधत न्हाई."

पन्नास मिनिटांत मल्लम्मानं नाक्यावरून बोलावलेला टेम्पो भरला. फुटकी बरणी, सांडलेलं पीठ आणि ती पहार मागं राहिली. जेसीबीवाला आला तेव्हा शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लखननं दवाखान्यातून तक्रार दिली : कावेरीबाईनं उकळती आमटी अंगावर टाकून जिवे मारण्याचा प्रयत्न केला. मांड्यांची कातडी सोलून निघाली होती, खोटं नव्हतं. कावेरीबाईंना आत टाकलं असतं, तर कोठडीच्या स्लॅबखाली त्यांची एक रात्रही सरली नसती. जिलानीला हे कळत होतं. साक्षीला त्याला बोलावलं, तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"पातेलं कुणी फेकलं?" हवालदारानं विचारलं.

"फेकलं न्हाई साहेब. सुटलं. माझ्या हातून."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. त्याचं घर दोनदा जिलानीनंच हलवलं होतं. "मामू, तुझ्या हातून? आमच्या आईच्या काचेच्या हंड्या तू नांदेडाहून अख्ख्या आणल्या."

"तेव्हा बोटं धड होती. काल मोडलेली होती. मोडक्या बोटांनी उकळतं पातेलं उचलायला गेलो. चूक माझी. लिहा." मग तो म्हणाला, "पण आधीचं आधी लिहावं लागंल साहेब. बोटं कुणी मोडली, दार किती बार लावलं, पहार कुणाची. कागदावर ते वर येईल, पातेलं खाली येईल. मी अंगठा द्यायला तयार हाय. डाव्या हाताचा."

हवालदारानं कागद कोराच ठेवला.

संध्याकाळी शेषेराव नांदेडहून आले, डोळ्याला हिरवी पट्टी. एका डोळ्यानं त्यांनी पाडलेलं शेड पाहिलं, मग दवाखान्यात जाऊन लेकाच्या सगळ्यांदेखत एक मुस्काटात भडकावली आणि तक्रार मागं घ्यायला लावली. कावेरीबाईंना निरोप धाडला, परत या, दुसरं शेड घालून देतो. त्या आल्या नाहीत. चाकूरला सिंधूच्या पत्र्याखाली त्यांनी भाकरीचं काम सुरू केलं होतं. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला त्यांनी जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, "इथं झोप लागते."

लखननं मात्र गावभर केलं : जिलानीनं स्वतःच्या तोंडानं पोलिसांत कबूल केलंय, पातेलं हातातून सुटलं. लोकांना तेवढंच ऐकू आलं. त्या जूनमध्ये मामूला चारच घरं मिळाली. बायको रईसा चिडली.

"झूट बोललास ते बोललास. पण असलं? आपल्याच दुकानाला आग लावणारं?"

"दुसरं सुचलंच न्हाई," जिलानी म्हणाला. "घाई लई होती."

बोटं वाकडी जुळली. गाठ मारायला आता त्याला दात लागत. पुढच्या वर्षी देगलूरची एक बाई घर हलवायला माणूस शोधत त्याच्या दारात आली. तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"ते पातेलं सोडणारे मामू तुमीच का?"

"हाव, मीच."

ती जरा घुटमळली. घरात काचेचं लई सामान आहे, म्हणाली.

"मग उशा किती हायत ते सांगा," जिलानी म्हणाला आणि चपला घालायला लागला.