लेनिनग्राडमधल्या चित्राहुती

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी शिक्षकांच्या एका शिष्टमंडळाबरोबर मी लेनिनग्राडला गेलो. संगमनेरचा मास्तर रशियाला निघाला म्हणून गावाने हारतुरे घातले होते, आणि ती हवा माझ्या डोक्यात गेली होती. शहर पाहून दोन दिवस मात्र माझी बोलतीच बंद झाली. पुरातल्या प्रवरेपेक्षा रुंद नदी, तिला दोन्ही बाजूंनी दगडी काठ आणि काठाला एकापेक्षा एक राजवाडे. काही भिंतींवर तोफगोळ्यांचे घाव अजून तसेच होते. युद्धात या शहराला वेढा पडला होता आणि माणसे भुकेने मेली होती, हे आमच्या दुभाष्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ते वहीत टिपून घेतले आणि विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी एका शाळेत आमचे जेवण होते. मी मांस खात नाही हे कळल्यावर तिथे गणित शिकवणाऱ्या एका वयस्क बाईंनी माझ्यासाठी घरून उकडलेले बटाटे आणि काळा पाव आणला. एवढ्या वैभवापुढे आपलेही काही दाखवावे, अशी मला हुक्की आली. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून देवांच्या नावाने अन्नाचे चार चिमुकले घास ताटाबाहेर ठेवतात, त्या चित्राहुती. घरी मी त्या वडील पंक्तीला असले तरच घालत असे. तिथे मात्र ऐटीत पाणी फिरवले, पावाचे चार तुकडे मोडून मेजावर मांडले आणि आपल्या लोकांना अन्नाबद्दल केवढा आदर, यावर छोटेसे व्याख्यानही झोडले.

बाईंनी दुभाष्याकरवी विचारले, हे तुकडे नंतर कोण खातो? कोणी नाही, उष्ट्याबरोबर टाकून देतात, असे मी सांगितले.

त्या माझे जेवण होईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी ते चारही तुकडे एकेक करून उचलले आणि खाल्ले. मेजावर सांडलेले कणही बोटाने टिपून घेतले. दुभाषी माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "वेढ्यात यांची मुलगी गेली. शेवटी ती एवढाच तुकडा मागत होती."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिथल्या तिथे माफी मागायला हवी होती. मी शब्द जुळवत बसलो, तोवर मोटार आली. बाईंनी निरोपाला हात पुढे केला, आणि मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

परतल्यावर संगमनेरात माझा सत्कार झाला. भाषणात मी नदी सांगितली, राजवाडे सांगितले, बाईंनी घरून आणलेला पाव आणि बटाटेही सांगितले. पुढचे गिळून टाकले. मागे बसलेला एक शेतकरी उठून उभा राहिला.

"गुरुजी, त्या बाईनं घरचं आनून तुमाला खाऊ घातलं. मंग तुमी तिला काय दिलं?"

खरे सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "आपल्या संस्कृतीची ओळख करून दिली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मान वर करवेना. लोकांना तो विनय वाटला.