सुक्या गोदीतलं सांबर

बोटीवरची नोकरी सोडून मी सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागलो, ते घरी राहायला मिळावं म्हणून. यिशुनला फ्लॅट, सेम्बावांगला यार्ड, मध्ये बसची वीस मिनिटं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकातली ती सगळी वर्षं मी घरी फक्त आंघोळीला येतो असं बायको म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. जहाज एकदा गोदीत शिरलं की ते बाहेर पडेपर्यंत माझी झोप त्याच्या मालकीची.

त्या खेपेचं जहाज अमेरिकन मालकांचं होतं. त्यांच्या वतीनं कामावर लक्ष ठेवायला एक साठीचा सुपरिटेंडंट आला होता. मी यार्डाचा, तो मालकांचा, म्हणजे आमचं नातं व्याह्यांचं: तोंडावर गोड बोलायचं आणि एकमेकांच्या कामात खोट काढायची. माणूस मात्र सरळ होता. त्याला नाद एकच, धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायचा. दुपारी कँटीनमध्ये मी भात-मासळीची प्लेट घेऊन बसलो की हा समोर येऊन सुरू व्हायचा. धनुष्यबाण आणि हरीण म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट ठाऊक असते आणि तिचा शेवट काही चांगला होत नाही, असं मी त्याला एकदा सांगितलंही. तो हसला आणि पुढे बोलत राहिला.

त्याच्या मते बाण मारणं सोपं होतं. अवघड काम त्यानंतरचं, थांबण्याचं. "गोळीनं जनावर आडवं होतं," तो म्हणायचा. "बाण लागला तर त्याला कळतच नाही काय झालं ते. थोडं पळतं आणि आडोसा बघून बसतं. मागे कुणी आलं नाही तर तिथेच शांतपणे मरतं. मागे गेलास तर उठतं. मग ते तुलाही मिळत नाही आणि त्यालाही धड मरण मिळत नाही." म्हणून बाण सुटला की आधी घड्याळ बघायचं आणि खाली बसायचं. मग रक्त बघायचं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलाय, अर्धा तास थांब. काळपट असेल तर यकृत, चार तास. बाणाला पोटातली घाण लागली असेल तर सरळ घरी जा आणि दुसऱ्या दिवशी ये.

"आणि समोर पडलेलं दिसत असेल तर?" मी विचारलं.

"दिसतं तेव्हा जास्त थांबायचं. तेव्हाच पाय ऐकत नाहीत."

मी म्हटलं, हे आमच्या क्रँककेससारखं झालं. इंजिनाच्या पोटात काही तापून धूर धरला की इंजिन बंद करायचं, पण झाकण लगेच उघडायचं नाही. बाहेरची हवा आत गेली तर स्फोट होतो, माणसं मरतात. अर्धा तास हाताची घडी घालून लांब उभं राहायचं. किती तरी ज्युनिअर इंजिनिअरांना मी हे झापून झापून शिकवलं होतं. म्हातारा खूश झाला. मी चांगला शिकारी होईन म्हणाला.

जहाज बाहेर काढायच्या दिवशी सकाळी मी सलग तिसरी पाळी ओढत होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. दुरुस्तीसाठी पाणी उपसून सुकवलेल्या गोदीत आठला पाणी सोडायला सुरुवात, दुपारी बाराच्या पुढे भरती, भरतीवर जहाज बाहेर, आणि मग मी घरी जाऊन मेल्यासारखा झोपणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सव्वासातला खालून वेल्डर ओरडत वर आले. गोदीच्या तळाशी, जहाजाखाली, ज्या लाकडी ठोकळ्यांवर ते बसलं होतं त्यांच्या मध्ये एक जनावर होतं.

ती सांबराची मादी होती. पलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरच्या किनाऱ्यावरून खाडी पोहून आली असणार, असं सगळे म्हणाले. आमच्या धक्क्याच्या उतारावरून वर चढली, माणसं बघून बिथरली आणि गोदीच्या पायऱ्यांवरून थेट खाली उतरली. भंडाऱ्याकडच्या जंगलात मी लहानपणी सांबरं लांबून पाहिली होती. इतकं थकलेलं नव्हतं पाहिलं. तोंड उघडं, अंगावर डिझेल आणि गंज, मागचा एक पाय नीट टेकत नव्हता. ती तिथे असताना पाणी सोडलं असतं तर जहाजाखाली अडकून उंदीर बुडावा तशी बुडाली असती.

फोनाफोनी झाली. पावणेनऊला सरकारी खात्यातून एक पशुवैद्य मुलगी आली, जेमतेम तिशीची, चिनी, बरोबर भुलीच्या डार्टची बंदूक. पायरीवर पोटावर झोपून तिनं नेम धरला. डार्ट मांडीत बसली. मादी दचकली, जहाजाखालून दुसऱ्या टोकाला गेली आणि पाच-सात मिनिटांनी गुडघ्यांवर येऊन खाली बसली. मग तिनं मान जमिनीवर टेकवली.

"आता कुणीही खाली जायचं नाही," डॉक्टर म्हणाली. "औषध पूर्ण चढायला अजून बारा मिनिटं. मी व्हॅनमधून स्ट्रेचर आणि दुसरं इंजेक्शन आणते." ती धावत गेटकडे गेली.

माझ्या वॉकी-टॉकीवर आमचा मॅनेजर, वाक्यामागे 'लाह' जोडायच्या सिंगापुरी इंग्रजीत, सतत बोलत होता. "व्हाय स्टिल नॉट फ्लडिंग? टाइड वोन्ट वेट फॉर यू, लाह!" गोदी भरायला तीन तास लागतात. साडेनऊनंतर झडपा उघडल्या असत्या तर भरती हातची गेली असती आणि जहाज आणखी एक दिवस अडकलं असतं. म्हणजे माझीही आणखी एक पाळी.

सुपरिटेंडंट माझ्या शेजारी उभा होता. खरं तर उशीर त्याच्या जहाजाला होत होता, बोंब त्यानं मारायला हवी होती. तो इतकंच म्हणाला, "जहाज माझं आहे. मी सांगतो, थांब."

मी थांबलो. घड्याळात बघितलं. परत बघितलं. एकच मिनिट झालं होतं. खाली ती पसरून पडली होती, कान हलत नव्हते. मला वाटलं, झालं की, झोपली आहे. डोळ्यांवर ताडपत्री टाकून पाय बांधून ठेवले तर डॉक्टर येईपर्यंत अर्धं काम उरकेल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं माझी आई मला उगाच म्हणायची नाही. सुपरिटेंडंटनं माझा दंड धरला. मी तो झटकला. "तुमची जंगलं वेगळी," असं काहीतरी तोडून बोललो आणि ताडपत्री काखेत मारून खाली उतरलो.

मी तिच्यापासून दहा पावलांवर असताना माझा बूट पत्र्याच्या तुकड्यावर पडला. फार मोठा आवाज नव्हता. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि ती उठली. ती कशी उठली हे मला आजही कळत नाही, कारण तिच्या पायांत काही उरलंच नव्हतं. ती भिंतीकडे पळाली. गोदीच्या भिंतीला मोठमोठ्या पायऱ्यांसारखे टप्पे असतात. ती दोन टप्पे चढली, तिसऱ्यावर तिचे मागचे पाय गेले आणि ती उलटी होऊन खाली काँक्रीटवर पडली. नंतर फक्त पुढचे पाय हलत होते.

डॉक्टर स्ट्रेचर घेऊन आली तेव्हा मी ताडपत्री हातात धरून तसाच उभा होतो. तिनं मादीच्या पाठीवरून हात फिरवला, एका जागी थांबवला आणि पेटीतून वेगळी बाटली काढली. सगळं संपल्यावर हातमोजे उतरवता उतरवता ती म्हणाली, "अंकल, आय टोल्ड यू ट्वेल्व्ह मिनिट्स." तिचा आवाज चढलाही नव्हता. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

क्रेननं मेलेल्या मादीला वर उचललं. साडेनऊला झडपा उघडल्या, अगदी वेळेवर. मॅनेजर वॉकी-टॉकीवर गुड, गुड म्हणाला. साडेबाराच्या सुमाराला जहाज ठोकळ्यांवरून सुटून तरंगायला लागलं. त्याला ओढून बाहेर न्यायला टग यायचे होते. ते दुसऱ्या एका जहाजापाशी अडकले आहेत असा निरोप आला. दीड वाजला, दोन वाजले. शेवटी भरती उतरायला लागली आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

मी आणि सुपरिटेंडंट धक्क्यावर उन्हात बसलो होतो. मला त्याची माफी मागायची होती. पण त्याची माफी मागून तिला काय मिळणार होतं? शरमेनं माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यानं सांगितलं की तरुणपणी तोही एकदा हरणामागे लवकर गेला होता.

घरी पोचलो तेव्हा मुलगी शाळेतून आली होती. यार्डात हरीण आलं होतं ही बातमी तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. "बाबा, यू सॉ इट फॉर रिअल? सो लकी, लाह! व्हेअर इज इट नाउ?" मी बूट काढत राहिलो. "त्यांना झोपू दे गं," बायको तिला म्हणाली. "अहो, दमलात ना फार?"

मी हो म्हणालो. मला कुणी विचारलं, किंवा मीच मला विचारलं, तर इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय की मी फार दमलो होतो. ते खरंही आहे. पण ती तर अख्खी खाडी पोहून आली होती, आणि तिला फक्त बारा मिनिटं पडू द्यायचं होतं.