कडू हात

उमरेडकडच्या ज्या गावात मी शिकवतो, तिथे शाळेला लागूनच एका वयस्कर शेतकऱ्यांचं तंबाखूचं वावर आहे. नाव मी कधी विचारलं नाही; आवाजावरूनच ओळखतो. बैलांवर, पाण्याच्या मोटारीवर, एकदा तर माझ्या छत्रीवरही ते ओरडले होते. घरात पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः उचलत नाहीत म्हणे.

तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस मात्र वेगळे. खुडणाऱ्याच्या हाताला असा कडू चिकटा बसतो की साबणानेही एक-दोन दिवस जात नाही, त्या हाताने घास खाववत नाही. मग दुसऱ्या कोणीतरी भरवायचं, ही तिथली रीत. यंदा सून सासूला भरवायला आली, तर तिच्यावरही ओरडून त्यांनीच भाकर हातात घेतली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, मांडी घालून बायकोला भरवू लागले.

"आ कर वं! मले काय हेच काम हाये का दिवसभर?"

सून पाठ फिरवून हसत होती.

काल पुन्हा तेच दृश्य. बायको हात पुढे करून म्हणाली, "अजी, अजून कडूच हायेत."

"मंग धुतले काहून नाही?" ते केवढ्याने ओरडले, आणि भाकर मोडायला बसले.

खुडणी संपून आठ दिवस झाले होते.